ऐकीव आणि बहुश्रुत

मराठीत ज्ञानाचे श्रवणाशी असलेले नाते सांगणारे दोन शब्द आहेत, आणि ते एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. ज्याने पुष्कळ ऐकले आहे त्याला आपण आदराने ‘बहुश्रुत’ म्हणतो. एखादी माहिती मात्र ‘ऐकीव’ आहे असे म्हटले, की तिची पत तिथल्या तिथे उतरते. कान तोच, ऐकण्याची क्रियाही तीच. मग एका शब्दाच्या वाट्याला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याच्या वाट्याला संशय का यावा? हा प्रश्न आम्हांला कोश चाळताना पडलेला नाही. साहित्य शिकवणारे आम्ही काही मित्र गेली अनेक वर्षे इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे आणि वृत्तान्तकथनाचे नाना तऱ्हेचे पॉडकास्ट ऐकत आलो. त्यांतून जे गवसले ते वर्गात सांगत आलो, आणि एकदा तोंडघशीही पडलो. त्या प्रसंगाने हा प्रश्न आमच्यापुढे आणून ठेवला.

प्रथम या माध्यमाविषयी थोडेसे. ‘पॉडकास्ट’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली यांनी प्रथम वापरला. इंटरनेटवरून उतरवून घेऊन सवडीने ऐकायच्या ध्वनिमुद्रणांना काय म्हणावे, असा प्रश्न होता. त्यांनी जाता जाता दोनतीन नावे सुचवली, त्यांतले हे एक तगले. ‘आयपॉड’ या यंत्राचे नाव आणि ‘ब्रॉडकास्ट’ हा क्रियावाचक शब्द यांचा हा जोड. पुढच्याच वर्षी ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला २००५ सालचा शब्द ठरवले. ज्या यंत्रावरून नाव पडले त्याचे उत्पादन २०२२ साली थांबले. शब्द मात्र राहिला. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. भूर्जपत्रे आणि ताडपत्रे दोऱ्याने ओवून बांधण्याची रीत कधीच संपली, तरी बांधण्याच्या अर्थाचा धातू पोटात घेऊन ‘ग्रंथ’ हा शब्द आपण वापरतोच आहोत.

आता आमच्या फजितीची हकीकत. तिचा नायक आहे एदुआर-लेओं स्कॉत द मार्तेंव्हिल हा पॅरिसचा एक मुद्रक. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याच्या वीस वर्षे आधी, १८५७ साली, स्कॉतने ‘फोनोटोग्राफ’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. कर्ण्यातून आत आलेला आवाज एका पडद्याला कंप देई, त्या पडद्याला जोडलेले राठ केस हलत, आणि काजळी धरलेल्या कागदावर एक नागमोडी रेघ उमटे. ही रेघ पुन्हा वाजवावी असे स्कॉतच्या मनातही नव्हते. मुद्रकच तो, त्याला आवाज ‘लिहायचा’ होता, आणि लिहिलेला आवाज डोळ्यांनी वाचायचा होता. ९ एप्रिल १८६० रोजी त्याने एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा असा कागदावर उतरवला. २००८ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी त्या रेघेची सूक्ष्म प्रतिमा घेऊन संगणकाच्या साहाय्याने तिचा पुन्हा ध्वनी केला. जगभर बातमी झाली: मानवी आवाजाची वाजवता येणारी सर्वांत जुनी नोंद सापडली, आणि तीत एक मुलगी किंवा तरुण स्त्री गाते आहे.

आम्हीही ते ऐकले आणि आमच्या अंगावर काटा आला. दीडशे वर्षांपूर्वीची, कोण कुठली मुलगी, काजळीच्या कागदावरून आपल्याशी बोलते आहे! वर्गात आम्ही ही कथा रंगवून सांगितली. लेखन आणि उच्चार यांचे नाते शिकवताना याहून चांगला दाखला मिळणे कठीण होते. पण २००९ साली त्याच संशोधकांनी आपली चूक दुरुस्त केली. कालमापनासाठी स्कॉतने गाण्याच्या रेघेशेजारी नादकाट्याचीही रेघ उमटवून घेतली होती. त्या काट्याच्या कंपनसंख्येचा अर्थ दुप्पट लावला गेला होता, त्यामुळे ध्वनी दुप्पट वेगाने वाजवला गेला. योग्य वेगाने वाजवताच मुलगी नाहीशी झाली. उरला एका पुरुषाचा संथ, घोगरा आवाज, बहुधा खुद्द स्कॉतचाच.

ही दुरुस्ती आमच्या कानांपर्यंत पोहोचली नाही. पुढची दोन वर्षे आम्ही मुलीचीच कथा सांगत राहिलो. अखेर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने, फारच अदबीने, ‘सर, तो पुरुषाचा आवाज आहे’ असे सांगितले. तिने ते दुसऱ्या एका पॉडकास्टमध्ये ऐकले होते. म्हणजे आमचे ज्ञान ऐकीव होते आणि तिचेही ऐकीवच. फरक इतकाच, की चूक कशी झाली आणि कशी सापडली हे तिला सांगता येत होते. आम्हांला फक्त गोष्ट सांगता येत होती.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला या चुकीची जात ओळखीची वाटेल. जुन्या मराठी कागदांत शुहूर सन येतो; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले म्हणजे इसवी सन मिळतो. फसली सनाचे गणित वेगळे, शालिवाहन शकाचे वेगळे, राज्याभिषेक शकाचे आणखी वेगळे. मोजण्याचे परिमाण चुकले की कागद अस्सल असूनही त्याचा अर्थ खोटा पडतो. स्कॉतचा कागदही अस्सलच होता. साधन खरे असणे आणि ते नीट वाचले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा आम्हांला एका गाण्याने शिकवला.

दुसरा धडा बी.बी.सी.च्या ‘इन अवर टाइम’ या कार्यक्रमाचा. मेल्विन ब्रॅग यांनी तो १९९८ साली सुरू केला आणि २०२५ साली त्याची सूत्रे खाली ठेवली. मधल्या काळात त्याचे हजारावर भाग झाले. त्याची घडण अगदी साधी आहे. विषय एक, त्या विषयाचे तीन प्राध्यापक आणि पाऊण तास. पार्श्वसंगीत नाही, नाट्य नाही. प्राध्यापक पाल्हाळ लावू लागला की ब्रॅग त्याला विषयावर आणत, कधी काहीशा तुटकपणेही. पण आमच्या मते या कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा भाग कार्यक्रम संपल्यावर येतो. रेडिओवरचे प्रक्षेपण थांबल्यानंतरही गप्पा चालू राहतात आणि त्या पॉडकास्टच्या श्रोत्याला ऐकायला मिळतात. त्यांचा आरंभ बहुधा एकाच प्रश्नाने होतो: आपल्या बोलण्यात काय राहून गेले? मग आतापर्यंत आटोपशीर बोलणारे विद्वान मोकळे होतात. एखादा म्हणतो, या घटनेत स्त्रियांचा उल्लेखच आला नाही. दुसरा म्हणतो, मघाशी मी जे ठामपणे सांगितले त्याला आधार थोडा आहे. प्रत्येक व्याख्यानानंतर आणि प्रत्येक प्रबंधानंतर हा प्रश्न विचारण्याची प्रथा आपल्या विद्यापीठांत असती, तर काय बहार झाली असती!

राहून जाण्याचा आणखी एक मासला पीटर ॲडमसन यांच्या मालिकेत आहे. ‘कोणतीही फट न ठेवता तत्त्वज्ञानाचा इतिहास’ अशा अर्थाचे नाव देऊन त्यांनी ती २०१० साली सुरू केली. प्रसिद्ध नावांवरून उड्या मारत जायचे नाही. मधल्या विस्मृत माणसांनाही त्यांचा वेळ द्यायचा, हा संकल्प. परंतु थेल्सपासून निघालेली ही वाट कितीही बारकाईने चालली तरी तिच्या बाहेर सबंध खंडे राहतात, हे उघड होते. पुढे जोनार्डन गनेरी यांना बरोबर घेऊन भारतीय तत्त्वज्ञानाची स्वतंत्र मालिका झाली, आणि चाइक जेफर्स यांच्यासह आफ्रिकी परंपरेचीही. ‘फट नाही’ म्हणणाऱ्याला फटी दिसू लागणे हे आम्हांला त्या मालिकेचे यश वाटते. याच ॲडमसन यांची एक गंमतही सांगण्याजोगी आहे. ॲरिस्टॉटलचा पदार्थविचार असो की इब्न सीनाचे तर्कशास्त्र, त्यांच्या उदाहरणांत जिराफ हटकून येतो. फळा नाही, पुस्तक समोर नाही, अशा श्रोत्याच्या मनात कल्पना रुतवायची तर तिला लांब मान असावी लागते! आपल्याकडे चक्रधरांनी हेच ओळखले होते. केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त संकलित केलेले त्यांचे ११४ दृष्टान्त याच गरजेतून आलेले आहेत. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, म्हणून सांगणाऱ्याने त्याच्या हाती एक चित्र द्यायचे असते.

चित्राचीच गोष्ट निघाली म्हणून २०१० सालच्या ‘शंभर वस्तूंतून जगाचा इतिहास’ या मालिकेचा उल्लेख केला पाहिजे. ब्रिटिश म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर यांनी संग्रहालयातील शंभर वस्तू निवडल्या आणि त्यांवर प्रत्येकी पाव तास रेडिओवर बोलले. वस्तू पाहायच्या असतात, आणि येथे त्या ऐकायच्या होत्या. या उलट्या अटीमुळेच वर्णनाला धार आली. तेरावी वस्तू होती सिंधू संस्कृतीची एक मुद्रा. तिच्यावरची अक्षरे अद्याप कोणाला निर्विवादपणे वाचता आलेली नाहीत. म्हणजे जे लेखन मुके आहे त्याविषयी, जे माध्यम आंधळे आहे त्यातून, बोलायचे. असे असूनही तो भाग ऐकताना तळहातावर मावणारी ती चौकोनी वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. मात्र येथेही ‘काय राहिले?’ हा प्रश्न विचारावासा वाटतो. या शंभर वस्तू जगाच्या कानाकोपऱ्यांतून लंडनला कशा पोहोचल्या, हा त्यांच्या इतिहासाचाच भाग आहे. बोलणारा आवाज जेव्हा संग्रहालयाच्या संचालकाचा असतो, तेव्हा श्रोत्याने तो प्रश्न स्वतःच मनात जागा ठेवायला हवा.

आतापर्यंतची उदाहरणे संस्थांची आणि विद्वानांची झाली. पॉडकास्टची खरी लोकप्रियता मात्र एकट्या माणसांनी कमावली. माइक डंकन यांनी २००७ साली रोमचा इतिहास सांगायला आरंभ केला तेव्हा ते कोणत्याही विद्यापीठात इतिहासाचे अध्यापक नव्हते. पाच वर्षांत १७९ क्रमांकित भागांत ते रोमच्या स्थापनेच्या दंतकथेपासून इसवी सन ४७६ पर्यंत, म्हणजे पश्चिमेकडील साम्राज्याच्या अस्तापर्यंत, आले आणि थांबले. पण पूर्वेकडचे साम्राज्य तर पुढे जवळजवळ हजार वर्षे टिकले! तेव्हा रॉबिन पिअर्सन या त्यांच्या एका श्रोत्याने २०१२ साली जेथे डंकन थांबले तेथून बायझँटियमचा इतिहास सांगायला घेतला. एकनाथांचे ‘भावार्थरामायण’ अपुरे राहिले आणि ते त्यांच्या शिष्याने, गावबाने, पुरे केले असे आपली परंपरा सांगते. श्रोता वक्ता होतो आणि कथा पुढे जाते, ही रीत तंत्रज्ञानाने नव्याने शोधलेली नाही.

दुसरे उदाहरण डॅन कार्लिन यांचे. त्यांच्या ‘हार्डकोअर हिस्टरी’त पहिल्या महायुद्धावरचे सहा दीर्घ भाग २०१३ ते २०१५ या काळात आले. एकेक भाग काही तासांचा. आपण इतिहासकार नाही, इतिहासाचे चाहते आहोत, हे ते पुनःपुन्हा बजावतात. ते ऐकताना आम्हांला सतत बखरीची आठवण येत होती. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे शिवचरित्र लिहिले ते राजाराम महाराजांनी विचारले म्हणून. त्या गद्यात समोर बसलेला श्रोता आहे. प्रसंगाची उठावणी, संवाद, पराक्रमाचा चढता सूर, हे सारे कानासाठी आहे. पुढे वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा बखरींच्या विश्वसनीयतेवर कडक हल्ला चढवला आणि अस्सल पत्राला बखरींच्या वर बसवले. त्यांचे शिस्तीचे आग्रह आज आपल्या हाडीमासी आहेत, आणि ते असावेतच. तरी सभासदाला आपण टाकलेले नाही. त्याच्याकडून तारखा घेताना आपण सावध असतो. एका पिढीने आपल्या राजाला कसे आठवले, हे मात्र त्याच्याकडूनच शिकतो. कार्लिन यांनाही याच रीतीने ऐकावे असे आमचे मत झाले आहे.

येथवर सारे गोडच झाले. पण आवाजाला एक धोकाही आहे. २०१८ साली ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ‘कॅलिफेट’ ही मालिका प्रसिद्ध केली. इस्लामिक स्टेटमध्ये सामील होऊन हत्या केल्याचे सांगणाऱ्या, कॅनडात राहणाऱ्या एका तरुणाची कबुली तिच्या केंद्रस्थानी होती. मालिकेला पीबडी पारितोषिक मिळाले. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्या तरुणावर दहशतवादाची खोटी कहाणी रचल्याचा आरोप ठेवला. वृत्तपत्राने फेरतपासणी केली, मालिकेचा हा गाभा आपल्या कसोट्यांना उतरत नाही हे मान्य केले आणि डिसेंबर २०२० मध्ये पारितोषिक परत केले. विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की मालिकेच्या एका भागात त्या तरुणाच्या तारखा जुळत नसल्याचा उल्लेख आलेलाच होता. शंका लपवलेली नव्हती. तिला कथानकातले एक वळण करून टाकले होते. श्रोता शंकेनेही रंगला आणि पुढचा भाग ऐकू लागला. कानात हळू बोलणारा, मध्येच अडखळणारा, उसासा टाकणारा आवाज आपल्याला ‘हा खरे बोलतो आहे’ असे पटवतो. छापील पानावरचे तेच वाक्य आपण दोनदा वाचले असते.

मग ऐकीव ज्ञान टाकाऊ समजावे काय? मराठी गद्याचा आरंभच या प्रश्नाला उत्तर देतो. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्यांना चक्रधरांचा सहवास लाभला त्यांना गावोगाव जाऊन गाठले, विचारले, ऐकून घेतले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. हा संपूर्ण ग्रंथ ऐकीव आहे. शिवाय मूळ प्रत धाडीत नाहीशी झाल्यावर अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला असे पंथाची परंपरा सांगते. म्हणजे ऐकिवाचेही ऐकीव. परंतु पाठांत पाहिले तर काय दिसते? एखादी लीळा एकाला एक प्रकारे आठवली आणि दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारे, तर तो फरक पुसून टाकलेला नाही. कोणाच्या स्मरणात काय होते ते नावानिशी दिले आहे. ‘वासना’ आणि ‘शोध’ या संज्ञांखाली भिन्न आठवणी आणि मागाहून केलेली चौकशी नोंदवली आहे. छापखाना नव्हता, तळटीप नव्हती, राजवाडे तर सहाशे वर्षे दूर होते. तरीही आपण जे सांगतो ते आपल्याला कोणाकडून कळले आणि त्यात मतभेद कोठे आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जायचे नाही, ही शिस्त त्या भाविक मंडळींनी पाळली.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडते. कानाने आलेले ते हलके आणि डोळ्यांनी आलेले ते भारी, असा हा भेद नाही. ज्या माहितीची वाट पुसली गेली ती ऐकीव. ज्याने पुष्कळांचे ऐकले, आणि कोणाचे काय ऐकले हे ध्यानात ठेवले, तो बहुश्रुत. या कसोटीवर पॉडकास्टमध्येही दोन्ही प्रकार आहेत. मुंबईचे अमित वर्मा २०१७ पासून ‘द सीन अँड द अनसीन’ हा कार्यक्रम करतात. त्यातल्या गप्पा पुढे पुढे काही काही तासांच्या होत गेल्या. प्रत्येक भागासोबत बोलण्यात आलेल्या पुस्तकांची आणि लेखांची लांबलचक यादी ते जोडतात. ती कंटाळवाणी यादी आम्हांला फार आश्वासक वाटते. तिच्यामुळे श्रोत्याला वक्त्याच्या मागे जाऊन उभे राहता येते.

आज आमच्या वर्गात येणारे विद्यार्थी वाचून येण्यापेक्षा अधिक ऐकून येतात. त्याबद्दल कपाळाला हात लावण्याची चाल शिक्षकांत आहे. आम्हीही पूर्वी लावत असू. आता आम्ही एक छोटीशी प्रथा पाडली आहे. ‘मी असे ऐकले आहे’ हे वाक्य वर्गात चालते. त्याच्यामागून दोन प्रश्न मात्र येतात: कोणाकडून ऐकले, आणि त्यांना ते कसे कळले? पहिल्याचे उत्तर बहुतेकांना देता येते. दुसऱ्याला वर्ग गप्प होतो, आणि मग ग्रंथालयाकडे पावले वळतात. त्या विद्यार्थिनीने आमच्या चुकीवर बोट ठेवले तेव्हा दोन्ही उत्तरे तिच्यापाशी होती. तेव्हापासून स्कॉतचा तो कागद शिकवताना आम्ही दोन्ही ध्वनी ऐकवतो. आधी न झालेल्या मुलीचा, मग त्या पॅरिसच्या मुद्रकाचा. मधल्या काळात आम्ही काय सांगत होतो, तेही सांगतो.